बेडकाचा पत्ता

माझ्या नावावर एकच बेडूक आहे. वीसेक वर्षं शिकवलं, त्यातल्या निम्म्याहून जास्त वर्षांचे रविवार दगड फोडण्यात घालवले, दोन्ही गुडघे कामातून गेले, आणि शेवटी सांगण्यासारखं काय, तर बोटभर लांबीचा एक बेडूक, तोही दगडातला. लोक विचारतात, "तुम्ही संशोधन करायचात ना? कशावर?" पूर्वी मी सविस्तर सांगत बसायचे. आता नुसतं "बेडकांवर" म्हणते. समोरचा हसतो आणि विषय बदलतो. मलाही ते बरं पडतं.

राहायला आम्ही अंबरनाथ पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. नोकरी उल्हासनगरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र शिकवायची. त्या काळी प्रॅक्टिकलला खरे बेडूक असत. सोमवारी एक माणूस ओलं पोतं घेऊन यायचा, पोतं आतून हलत असायचं, आणि मग आठवडाभर मी पोरांना बेडूक कापायला शिकवायचे. "मॅडम, मेरावाला अभी भी हिल रहा है, काय करू?" असं दर बॅचला कोणीतरी विचारायचंच. हाताचा फॉर्मॅलिनचा वास साबणाने जायचा नाही. माझी पीएच.डी. मात्र जीवाश्मांवरची. दगडात उरलेले जुने बेडूक, कासवं, मगरी, आणि त्यांच्या हाडांवरून कोण कोणापासून आलं याचा माग काढणं. कॉलेजात त्याची कोणालाच गरज नव्हती. उत्क्रांती अभ्यासक्रमात होती, पण ती वर्षाच्या शेवटी, परीक्षेच्या तोंडावर कशीबशी उरकायची. म्हणून माझं खरं काम रविवारी.

आपला हा सगळा मुलूख लाव्ह्याचा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, थांबला, परत वाहिला. मधे थांबला तेव्हा खोलगट जागी तळी साचली, काठाने झाडं उगवली, तळ्यांत बेडूक झाले. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे त्या तळ्यांचा चिखल अजून आहे, राखाडी, पापुद्र्यांचा दगड होऊन. तो दगड सापडला तर त्यात बेडूक सापडू शकतो. सापडू शकतो याचा अर्थ बहुतेक वेळा सापडत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी मला कळलं की बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला एका वस्तीत नवी विहीर खणताना राखाडी दगड लागलाय. एका थंडीतल्या रविवारी मी एसटीने गेले. नवराही बरोबर आला, कारण एकट्याला घरी करमत नव्हतं. वस्ती पंधरा-वीस घरांची, कुडाची घरं, पुढे भाताची खाचरं. विहिरीला पाणी लागून सात-आठ महिने झाले होते. काठावर मातीचा ढीग, आणि ढिगात खरंच राखाडी दगड. मी ढीग चाळत चाळत कठड्यापाशी आले. तिथे कोपऱ्यात वहीएवढा एक सपाट दगड ठेवलेला होता, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं वाळलेलं फूल. मी फूल बाजूला केलं आणि खाली बेडूक होता.

सगळा होता. डोकं, कणा, कमरेची हाडं, दुमडलेले लांब मागचे पाय. अख्खा बेडूक असा मिळत नाही कोणाला. मी एकदम ओरडलेच. नवरा घाबरून म्हणाला, "काय गं, साप आहे का?" मी हाताने त्याला गप्प केलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी त्याला नंतर सांगितलंही. तो बिचारा हसला.

आता चूक इथेच झाली. नव्या विहिरीला पाणी लागलं की पूजा करतात, हे मला माहीत होतं. तेव्हा विहिरीतून निघालेला एक बरा दगड उचलून त्याला कुंकू लावलं असणार, असं मी धरून चालले. ढिगातला एक तुकडा त्याच्याशेजारी धरून पाहिला. रंग तोच, पापुद्रे तसेच. मी वहीत लिहिलं: विहिरीच्या खोदाईतून, जागेवरच्या थरातला. आमच्या कामात या एका ओळीला बेडकाइतकंच मोल असतं. दगड कुठल्या थरातून निघाला हे पक्कं असेल तर त्याचं वय ठरतं, आणि वय ठरलं तर तो कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर हे ठरतं. पत्ता नसलेला जीवाश्म शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचा. सुटा पडलेला दगड उचला, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका, हे मी पोरांना घसा कोरडा करून सांगत आले होते.

दगड एका म्हातारीचा होता. विहिरीला लागून तिचं घर. वाळलेली, काटक बाई, कानात बुगड्या. मी तिला आजी म्हणायला लागले, ती मला बाय म्हणायची. मी दगड मागितला तर ती सरळ नाही म्हणाली.

"पान्याचा देव हाय तो. पाऊस लांबला का त्याला आंगोल घालतो आमी."

मी दोन महिन्यांची मुदत मागितली. त्यात काय आहे ते बघते, लिहून काढते आणि परत आणून देते म्हटलं. म्हातारी बराच वेळ माझ्या हातोड्याकडे बघत होती. मग म्हणाली, "पावसाच्या आदी आन. पावसाच्या आदी पायजे."

"नक्की आणते, आजी."

मी हे मनापासून म्हटलं होतं. पुढे जे झालं त्याबद्दल स्वतःला बोल लावताना एवढं एक मी स्वतःच्या बाजूने धरते.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पेन्सिलीच्या टोकाला शिवणकामाची सुई बांधून, भिंगाखाली मी कणाकणाने दगड मोकळा केला. कमरेचं हाड पूर्ण उघडं पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा आजवर कोणी नोंदवलेला नाही. त्याला नाव द्यावं लागलं. आणि नाव दिलं की नियम लागू होतो. ज्या नमुन्यावरून नव्या जातीला नाव मिळतं तो नमुना एखाद्या मोठ्या संग्रहात जमा करायचा, तिथल्या कपाटाच्या खणात तो राहतो आणि पुन्हा कोणाच्या घरी जात नाही. हा नियम मला आधीपासून ठाऊक होता. म्हातारीला शब्द देताना तो आठवला नाही, किंवा मी आठवू दिला नाही. जमा करण्यापूर्वी मी रबराचा साचा तेवढा काढून ठेवला. निबंध छापून आला. परदेशातून दोन पत्रं आली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले, आणि उपप्राचार्य म्हणाले, "वा, मॅडम, बेडकाने नाव काढलं."

त्यानंतर दर हिवाळ्यात मी त्या वस्तीला जात राहिले. एकाच नमुन्यावर कोण किती दिवस उभं राहणार? दुसरा हवा होता. विहिरीच्या आजूबाजूला परवानगीने खड्डे घेतले, चिखलदगडाची पोती भरून घरी आणली, ती पाण्यात भिजवून पिठाच्या चाळणीने चाळली. बाथरूमची मोरी तुंबली, प्लंबरने हात टेकले. सापडलं काय? गोगलगायींचे शिंपले, आणि तिसऱ्या की चौथ्या वर्षी कासवाच्या कवचाचा नखाएवढा तुकडा. त्या तुकड्याने माझं वाटोळं केलं. तो सापडला नसता तर मी थांबले असते. तो सापडला म्हणून पुढची पाच वर्षं मी खोदत राहिले.

म्हातारी पहिली काही वर्षं विचारायची, "आनला का, बाय?" मी म्हणायचे, काम चालू आहे, आजी. एका वर्षी पाऊस फार लांबला होता, त्या वर्षी तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड चुकवायला लागले. विहिरीच्या वाटेने न जाता खाचरांच्या बांधावरून वळसा घालून जायचे. मग एके वर्षी ती विचारायची थांबली. तिने चहा दिला, गुडघ्यांची चौकशी केली, आणि दगडाचं नाव काढलं नाही. त्याची मला जास्त लाज वाटली.

नव्वदीच्या मध्यावर एका परदेशी प्राध्यापकांचं पत्र आलं. बेडकांच्या कमरेची हाडं कशी बदलत गेली, बेडूक उडी मारायला कसा शिकला, यावर त्यांचं मोठं काम होतं. त्यात माझा बेडूक त्यांना महत्त्वाचा वाटत होता, कारण माझ्या थराच्या हिशेबाने तो बराच जुना ठरत होता. त्यांना ती विहीर बघायची होती. पुढच्या हिवाळ्यात येतो म्हणाले. पत्र वाचून मला आनंद झाला, पण क्षणभरच. विहिरीपाशी त्यांना म्हातारी भेटणार. ती सगळ्यांसमोर दगड मागणार.

म्हणून मी कपाटातला रबराचा साचा बाहेर काढला आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये गेले. तिथे एक सिंधी कारागीर होता, प्लॅस्टरच्या बाहुल्या आणि खेळण्यांचे साचे बनवणारा. कुठल्याही वस्तूची दुसरी करून मागायची तर उल्हासनगरसारखी जागा नाही. त्याने साचा उलटसुलट करून पाहिला.

"ये क्या है, मॅडम? मेंढक?"

"हो. दगडासारखा दिसला पाहिजे."

"ओरिजिनल से अच्छा दिखेगा. लेकिन वजन कम होगा. थोडा सिमेंट डालूं क्या?"

सिमेंट घातलं तर आठवडा लागणार होता. मी म्हटलं, नको, वजन कोण बघतंय.

काजळी आणि राखाडी रंग चढवून त्याने तो असा हुबेहूब केला की मीही क्षणभर दचकले. मी त्याला हळदकुंकूही लावलं. घरी, देवघरासमोर बसून, जुनं वाटावं म्हणून बोटाने पुसट केलं. हे लिहिताना आजही मला स्वतःचा राग येतो. आयुष्यभर खऱ्या-खोट्याची पारख शिकवणारी बाई मी, आणि एका म्हातारीला फसवायला कुंकू पुसत बसले होते.

रविवारी गेले. म्हातारी ओट्यावर भात पाखडत होती. मी पिशवीतून दगड काढून तिच्या हातात ठेवला. म्हटलं, "आजी, उशीर झाला. पण आणला."

तिने तो दोन्ही हातांत घेतला. बघितला नाही, नुसता तोलला. मग सुपाशेजारी ठेवून दिला.

"ह्यो तो नाय."

"तोच आहे, आजी."

"बाय, तो म्या डोक्यावरनं आनलाय. मला ठावं नाय त्याचा भार?"

मला वाटलं, ती विहिरीतून वर आणल्याचं सांगतेय. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "विहिरीतून ना?"

"हिरीतला कुटला? आमच्या जुन्या गावचा हाय तो. धरनात गाव गेला तवा भांडी सोडली, दारं सोडली. ह्यो डोक्यावर घेतला नि चालत आले. हीर खनली तवा पानी लागावं म्हनून तितं ठेवला."

धरणात गावं गेली हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. पण ही वस्ती त्यातलीच, ही घरं इथे उगवलेली नाहीत, आणलेली आहेत, हे इतकी वर्षं येऊन माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घर हलवताना माणसं आधी देव उचलतात, हे कुठल्याही शेंबड्या पोराने सांगितलं असतं. मी मात्र थर मोजत होते.

"आजी, तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"तू कदी इचारलंस? तू आली ती हातोडा घिऊनच आली."

परतीच्या एसटीत मी काहीच विचार केला नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो तेव्हा कारखान्यातून निवृत्त झाला होता, दिवसभर रेडिओ ऐकायचा. त्याने रेडिओ बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, पण हे कोणाला कळणार आहे? म्हातारी काय निबंध वाचणार आहे?"

ते खरं होतं. कोणालाच कळलं नसतं. प्राध्यापक आले असते, विहिरीच्या काठावर उभे राहून फोटो काढून गेले असते. म्हातारीला मी गोडीगुलाबीने एक दिवस दुसऱ्या गावाला पाठवलं असतं. आठवडाभर मी हेच घोळवत राहिले, आणि खरं सांगायचं तर शेवटी मोठ्या तत्त्वाबित्त्वाने काही ठरलं नाही. मला कंटाळा आला होता. बांधावरून वळसे घालण्याचा, तोंड चुकवण्याचा, नऊ वर्षं रिकाम्या चाळण्या धुण्याचा. तिथे दुसरा बेडूक का सापडत नाही याचं उत्तर मला मिळालं होतं, आणि ते लपवून परत तिथेच खोदायला जायचं त्राण माझ्यात नव्हतं.

निबंध ज्या नियतकालिकात छापला होता तिथे मी दुरुस्ती पाठवली. एका पानाचीच होती. नमुना विहिरीतला नाही, सुटा आहे, बाहेरून आणलेला आहे, म्हणून त्याचं वय आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष मागे घेत आहे. प्राध्यापकांनाही कळवलं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. प्रामाणिकपणाचं कौतुक होतं, आणि भेट पुढे ढकलल्याचं होतं. पुढे ते कधीच आले नाहीत. त्यांच्या पुस्तकात माझ्या बेडकाला एक तळटीप मिळाली. स्टाफरूममध्ये कोणी काही बोललं नाही. मीच दोन-तीन दिवस डबा लॅबमध्ये बसून खाल्ला आणि एकदा तिथे, फॉर्मॅलिनच्या बरण्यांसमोर, पोटभर रडले.

मेमध्ये धरणाचं पाणी उतरलं तेव्हा मी म्हातारीकडे गेले. या वेळी हातोडा नेला नव्हता. मी तिला विचारलं, दगड नेमका कुठे सापडला होता? ती मला पाण्याच्या काठापर्यंत घेऊन गेली. माझ्या गुडघ्यांमुळे तिलाच माझ्यासाठी थांबावं लागत होतं. चिखलाला भेगा पडलेल्या, पुढे संथ पाणी.

"ते खोड दिसतंय? आंब्याचं. त्याच्या खालती वढा व्हता. वढ्याच्या दरडीत माझ्या सासूच्या सासूला घावला."

खोडाचा काळा शेंडा काठापासून बराच आत होता. त्याच्या खाली, कितीतरी हात खोल, माझा थर होता. गाळाने भरलेला, कोणालाच न दिसणारा. हेच पाणी आमच्या नळाला येत होतं. मी वहीत लिहून घेतलं. खोड, ओढा, दरड, आणि म्हातारीने सांगितलेलं गावाचं नाव.

मग मी तिला जे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. "आजी, तो दगड मी परत आणू शकत नाही. तो आता तिथेच राहणार. तसा नियम आहे, आणि तो मला तेव्हाही माहीत होता."

ती रागावली होती. "मंग तवाच सांगायचं व्हतं," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

परत येताना वाटेत ती थांबली. "त्याच्यासंगं कागुद हाय का काय?"

"आहे. चिठ्ठी असते प्रत्येक दगडाबरोबर."

"काय लिवलंय?"

मी सांगितलं. या वस्तीचं नाव, आणि विहीर.

"मंग खोटं लिवलंय. आमच्या गावाचं नाव लिव."

जूनमध्ये मी रजा काढून त्या संग्रहात गेले. खण उघडला. बेडूक होता तसाच होता, पाय दुमडून. संग्रहाची रीत अशी की जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी टाकायची नाही. तिच्यावर एक रेघ ओढायची आणि खाली नवी ओळ लिहायची, म्हणजे पुढच्या माणसाला चूकही दिसते आणि दुरुस्तीही. मी माझ्याच अक्षरावर रेघ ओढली. खाली त्या गावाचं नाव लिहिलं, आणि पुढे ओढा, खोड, दरड. मग दोन्ही ओळी तशाच एका कोऱ्या कार्डावर उतरवून घेतल्या.

पावसाळा सरता सरता मी ते कार्ड घेऊन वस्तीला गेले. कठड्याच्या कोपऱ्यात म्हातारीने तो प्लॅस्टरचा बेडूकच ठेवला होता, रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून. चार महिन्यांच्या पावसाने त्याचं पांढरं पीठ झालं होतं, पायाचा एक आकार तेवढा कळत होता. आम्ही दोघी कठड्याला टेकून बसलो. मी चष्मा लावला आणि वाचलं. आधी रेघ मारलेली ओळ, मग खालची. तिच्या गावाचं नाव, ओढा, आंब्याच्या खोडाखालची दरड.

तिने कार्ड हातात घेतलं. अक्षरं तिला येत नव्हती. तिने अंगठ्याने खालची ओळ चाचपली.

"ह्ये आमचं?"

"हो."

गाव पाण्यात गेल्यापासून ते नाव कोणी कुठे लिहिलं नव्हतं, त्यांच्या रेशनकार्डावरसुद्धा नव्हतं. तिने कार्ड परत माझ्या हातात दिलं.

"पुन्ना वाच," म्हातारी म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.